दमट हवेचे वजन

"ढग, तू चुकीचं उत्तर द्यायचंस," हंगामी सर म्हणाले.

"सर, नेहमीच देतो की."

"तसं नाही रे. या वेळी मुद्दाम द्यायचंस."

ढग विचारात पडला. मुद्दाम चुकायचे म्हणजे आधी बरोबर काय ते ठाऊक असावे लागते आणि त्याची खरी अडचण तिथेच होती. वर्गातला सर्वांत मागे पडलेला मुलगा तो. नुसते 'ढ' म्हणणे बरे दिसत नाही, म्हणून वातावरणशास्त्राच्या वर्गाने त्याला 'ढग' केले होते. त्याने ते नाव मानाचे समजून स्वीकारले होते.

हंगामी सरांचे नाव मात्र त्यांना कोणी विचारून ठेवले नव्हते. भौतिकशास्त्र आणि वातावरणशास्त्र हे विद्यापीठातले दोन विभाग एकाच मजल्यावर होते आणि सर दोन्हीकडे शिकवत. भौतिकवाले त्यांना "तो हवामानवाला" म्हणत, हवामानवाले "तो भौतिकवाला" म्हणत. दोन्हीकडे कोणाचा वाढदिवस असला की केक कापून झाल्यावर यांची आठवण निघे. दर वर्षी मोठ्या सुट्टीच्या आधी त्यांना नोकरीतून कमी करत आणि सुट्टी संपली की पुन्हा घेत. पहिल्या वर्षाच्या प्रयोगवह्या त्यांनी तपासायच्या, कोणी प्राध्यापक परिषदेला गेले की त्यांचे तास यांनी घ्यायचे, आणि संध्याकाळी ढगासारख्या पोरांना घरी बोलावून जेवणाच्या टेबलावर पुन्हा सगळे पहिल्यापासून शिकवायचे. खरे नाव पगारपत्रकावर होते. तिथेही ते चुकीचे छापलेले होते.

यंदा मात्र कायमची जागा निघाली होती आणि यंदाच निघायला हवी होती. कारण या वर्षानंतर सर वयाच्या अटीत बसणार नव्हते. जागा मिळाली तर जन्माचे कल्याण आणि हुकली तर जन्मभर हंगामी, असा सरळ हिशेब होता.

निवड समितीपुढे एक तास शिकवून दाखवायचा होता, तोही खऱ्या वर्गात, खऱ्या मुलांना. विभागप्रमुखांनी सरांना आपल्या खोलीत बोलावून कानमंत्र दिला.

"समितीला जिवंत वर्ग आवडतो हो. मुलांनी प्रश्न विचारले पाहिजेत, चुकलं पाहिजे, तुम्ही ती चूक सुधारली पाहिजे. असं वाटलं पाहिजे की इथं काहीतरी घडतंय."

वास्तविक सरांच्या वर्गात रोजच काहीतरी घडत असे. पण रोज घडणारी गोष्ट नेमकी हवी त्या दिवशी घडेल याची खात्री कोण देणार? ज्या माणसाने आयुष्यभर हवामानाचे अंदाज शिकवले, त्याचा अंदाजावर विश्वास नसतो. म्हणून सरांनी तासाची तालीम घ्यायचे ठरवले आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

प्रश्न त्यांनी नेमका निवडला होता. दमट हवा जड की कोरडी हवा जड? शंभरातले नव्वद लोक दमट हवा जड म्हणतात, आणि ते चूक आहे. पाण्याच्या वाफेचे रेणू हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलके असतात. वाफ हवेत शिरते ती त्या जड रेणूंना हुसकून त्यांची जागा घेते. त्यामुळे तितक्याच तापमानाची, तितक्याच दाबाची दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी भरते. ढगाने उभे राहून चुकीचे उत्तर द्यायचे, सरांनी हसून "इथंच भले भले फसतात!" म्हणायचे आणि मग फळ्यावर सगळे उलगडून दाखवायचे, असा बेत होता.

ढगाची तयारी सरांच्या घरी चालली. "ओला टॉवेल जड, कोरडा टॉवेल हलका. तसंच हवेचं," हे वाक्य त्याच्याकडून घोटून घेतले. सरांची बायको बाजूला भाजी निवडत बसलेली असे.

"काकू, कसं वाटलं?" ढग विचारी.

"छान. मलासुद्धा खोटं आहे असं वाटलं नाही," ती म्हणे. मग नवऱ्याकडे वळून, "अहो, सरळ शिकवा ना. रोज शिकवता तसं. कशाला ही नाटकं?"

"रोज शिकवतो तसं शिकवून इतकी वर्षं काय मिळालं?"

ती पुन्हा भाजी निवडू लागली.

वर्गातल्या तालमींना सगळी मुले जिवाभावाने आली. सरांवर त्यांचा जीव होता, त्यात खोटे काही नव्हते. घाई तर सर्वांत पुढे. घाई म्हणजे पहिल्या बाकावरची हुशार मुलगी. प्रश्न निम्मा असतानाच तिचे उत्तर तयार असे. सर समजावताना एक विनोदही करत. "बाकावरचे दोन जाडे उठले आणि त्यांच्या जागी दोन काटकुळे बसले, तर बाकावरचा भार वाढणार की कमी होणार? कमीच होणार. आता आपल्या विद्यापीठातले जाडे एकदा बसले की उठतच नाहीत, ती गोष्ट वेगळी!" पहिल्या तालमीला पोरे हसून हसून लोळली. दुसऱ्या तालमीनंतर सरांना विभागप्रमुखांचा घेर आठवला आणि त्यांनी तो शेवटचा भाग गाळून टाकला.

"समितीसमोर एवढं नको बरं का. 'कमीच होणार' म्हणून मी पुढे जाईन."

तिसऱ्या तालमीपर्यंत वर्गाला सगळा तास तोंडपाठ झाला होता. सरांना समाधान वाटले. पाठ झालेला तास जिवंत कसा दिसेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

समिती यायच्या दिवशी सर वर्गात शिरले आणि दचकले. पटावरची सगळीच्या सगळी पोरे हजर होती. नाव लावून गेल्यापासून कधी तोंड न दाखवलेला एक जणसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. सगळ्यांचे केस विंचरलेले. एरवी मागचे बाक मोकळे असतात, तिथे समितीने बसायचे ठरले होते. आता तिथे तीळ ठेवायला जागा नव्हती.

"सगळे हजर?" विषयतज्ज्ञांनी विचारले. समितीतले मुख्य तेच. बाहेरच्या विद्यापीठातून आलेले, मोठे नाव असलेले गृहस्थ. त्यांचे सारे आयुष्य मिठाच्या खड्यांच्या अभ्यासात गेले होते आणि हवेशी त्यांचा संबंध श्वासापुरता होता. पण दोन्ही विभागांना चालेल असा तज्ज्ञ शोधताना दोन्ही विभागांचे नसलेले तेवढे तेच सापडले होते.

"सरांची लोकप्रियता," विभागप्रमुख घाम पुसत म्हणाले.

शेवटी जागा मिळेल तिथे समिती वाटून बसली. विभागप्रमुख खिडकीशी कसेबसे मावले. कार्यालयाच्या बाई दाराजवळ खुर्ची टाकून बसल्या. आणि विषयतज्ज्ञांना एकाच बाकावर जागा मिळाली. ढगाच्या शेजारी. त्याच्या शेजारी एरवीही कोणी बसत नसे.

तास सुरू झाला. सरांनी बाकाचे उदाहरण दिले. "दोन जाडे उठले, दोन काटकुळे बसले, तर भार वाढणार की कमी होणार? कमीच होणार," असे म्हणून ते श्वास घ्यायला थांबले. त्या थांबण्याच्या जागी पूर्वी विनोद होता. वर्गाला तो आठवला आणि सगळा वर्ग खो खो हसला. काहीही विनोद झालेला नसताना चाळीस पोरे का हसतात, हे समितीला कळेना. विभागप्रमुखांनी हळूच आपल्या शर्टाची बटणे चाचपून पाहिली.

"शांत, शांत," सर म्हणाले. "आता मला सांगा. दमट हवा आणि—"

घाईचा हात वर गेला. सरांनी डोळे वटारले तेव्हा तिला आठवले की पहिले उत्तर आपले नाही. तिने हात खाली घेतला आणि मागे वळून ढगाकडे पाहिले. सगळ्या वर्गानेच मागे वळून ढगाकडे पाहिले.

"—आणि कोरडी हवा, यात जड कोणती?"

ढग उभा राहिला. घसा खाकरला. आणि जन्मात कधी बोलला नव्हता इतक्या खणखणीत आवाजात म्हणाला, "दमट, सर! ओला टॉवेल जड, कोरडा टॉवेल हलका. तसंच हवेचं!"

"वा! शाब्बास!" विषयतज्ज्ञ म्हणाले.

त्यांनी ढगाच्या पाठीवर थाप मारली. "अगदी बरोबर. आणि टॉवेलचं उदाहरण काय सुंदर! पाणी आलं की वजन आलंच. असं साधं बोलायला शिका लेको," असे त्यांनी विभागप्रमुखांकडे पाहून म्हटले. विभागप्रमुखांनी लगेच मान डोलावली. बाईंनी काहीतरी लिहून घेतले.

ढगाला शिक्षणाच्या सबंध प्रवासात मिळालेली ती पहिली शाब्बासकी. तो खाली बसला, पुन्हा उठला, पुन्हा बसला. त्याचा चेहरा असा उजळला की आपल्याला मुद्दाम चुकायला सांगितले होते हे तो साफ विसरून गेला.

सरांचे तोंड "इथंच भले भले" म्हणण्यासाठी उघडले होते ते तसेच मिटले. भल्या भल्यांपैकी एक जण समोर बसला होता, आणि सरांचे पुढचे आयुष्य त्याच्या पेनाच्या टोकावर होते. ते वळले आणि फळ्यावर आधीच लिहिलेली तारीख पुन्हा गिरवू लागले. जरा वेळ मिळाला तर काहीतरी सुचेल, अशी त्यांना आशा होती.

वर्गाला वाटले, सर वाक्य विसरले.

"सर," घाई कुजबुजली. तिची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत जाई. "भले भले..."

सर तारीख गिरवत राहिले.

"इथंच भले भले..." दुसऱ्या बाकावरून आवाज आला. आणि मग आपले सर अडचणीत आहेत, त्यांना हात दिला पाहिजे, या निव्वळ प्रेमापोटी सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "इथंच भले भले फसतात!"

बाईंचे लिहिणे थांबले.

"कोण फसतात?" विषयतज्ज्ञांनी विचारले.

"नाही, ते... मुलांची आपली गंमत," सर म्हणाले. "तर पुढे जाऊ या. बाष्पीभवन—"

"सर, पण दमट हवा हलकी असते," घाई उभी राहिली होती. आता तिला कोण थांबवणार! "पाण्याचा रेणू अठरा, नायट्रोजन अठ्ठावीस, ऑक्सिजन बत्तीस. हलका येतो आणि जड जातो."

"बाळ," विषयतज्ज्ञ कौतुकाने हसले, "ओला टॉवेल कधी उचललायस का?"

"उचललाय ना सर. पण टॉवेलमध्ये पाणी येतं तेव्हा टॉवेलचे धागे उठून बाहेर जात नाहीत. हवेतले रेणू जातात."

हे वाक्य तालमीत नव्हते. सरांनी ते कधी शिकवले नव्हते, कुठल्या पुस्तकातही नव्हते. ते त्या पोरीला आत्ता, उभ्या उभ्या सुचले होते. इतकी वर्षे खडू झिजवला तो याच एका वाक्यासाठी, असे सरांना वाटले आणि ते खरेच होते. विभागप्रमुखांना हवा असलेला जिवंत वर्ग हाच. तो अगदी वेळेवर आला होता, आणि त्याच्याएवढी नकोशी गोष्ट त्या क्षणी दुसरी नव्हती.

विषयतज्ज्ञांचे हसू मावळले. त्यांनी पेनाचे टोपण काढले.

"काय हो, तुमचं काय म्हणणं आहे? उमेदवार तुम्ही आहात. हलकी की जड?"

चाळीस चेहरे सरांकडे वळले. त्यांच्यावर काळजीचा लवलेश नव्हता. सर आता सांगतील, दोन ओळींत सिद्ध करून दाखवतील, ते गृहस्थ "अरे हो की" म्हणतील आणि पुढच्या महिन्यापासून सर कायमचे आपले होतील, असे त्या बिचाऱ्यांना वाटत होते. खिडकीशी विभागप्रमुख मान हलवत होते. ती हो म्हणून हलते आहे की नाही म्हणून, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नसावे.

"आपण म्हणता ते बरोबर आहे सर," हंगामी सर म्हणाले. "मुलांचा जरा गैरसमज झालाय. दमट हवा जड."

एवढ्यावर ते थांबते तरी बरे होते. पण शिक्षकाचा हात, तो फळ्याकडे गेलाच. 'दमट हवा जड असते' असे त्यांनी ठळक लिहिले आणि खाली रेघ ओढली. घाई हळूच खाली बसली. तिने वही मिटली. ढगाने मात्र ते वाक्य नीट उतरवून घेतले.

तास संपल्यावर विषयतज्ज्ञांनी सरांचा हात हातात घेऊन हलवला. "चूक कबूल करणारे शिक्षक कमी झालेत हो," ते म्हणाले.

घरी बायको दारातच उभी होती.

"काय झालं?"

"होईल बहुतेक."

"मग तोंड का असं?"

"दमट हवा जड असते असं सांगून आलो."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. रोजच्या शिकवण्या ऐकून तिला हा विषय नवऱ्याइतकाच पाठ झाला होता. "का पण?"

"त्यांना तसं वाटत होतं."

तिने पाणी आणून दिले. पेला परत घेताना म्हणाली, "मिळू दे एकदा नोकरी. मग करा हलकी."

आठवडाभराने विभागप्रमुखांनी बोलावणे धाडले. सर गेले तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून, कोणाच्या घरी समाचाराला गेल्यासारखे तोंड करून बसले होते.

"नाही झालं हो," ते म्हणाले. "तज्ज्ञांचा शेरा फार वाईट आहे. उमेदवाराच्या मूलभूत संकल्पना कच्च्या, असं लिहिलंय त्यांनी. दमट हवा हलकी असते एवढं साधं ज्याला ठाऊक नाही, त्याला वातावरणशास्त्र शिकवायला कसं ठेवणार, म्हणाले."

सरांना आधी वाटले आपण चुकीचे ऐकले.

"पण सर, तेच म्हणाले ना जड म्हणून! तुम्ही होतात की तिथे!"

"होतो. मी विचारलंही त्यांना. ते म्हणाले, मी मुद्दाम चुकीचं बोललो. उमेदवार दुरुस्त करतो का, ते बघायचं होतं."

"मुद्दाम?"

"घरी जाऊन पुस्तक उघडलं असेल," विभागप्रमुख आवाज खाली आणून म्हणाले. "पण आता त्यांनी मुद्दाम म्हटलं म्हणजे मुद्दामच."

"आणि तुम्हाला? तुम्हाला तरी त्या दिवशी ठाऊक होतं ना, बरोबर काय ते?"

"मी आता प्रशासन बघतो हो," विभागप्रमुख दुखावल्या स्वरात म्हणाले. मग जरा सावरून, "एक मात्र चांगलं झालं. त्या मुलीवर फार खूश आहेत ते. धाग्यांचं बोलली ती. अशी मुलं तुमच्याकडे कोण तयार करतं, असं विचारत होते."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"विभागाची परंपरा आहे म्हटलं."

सर उठले. दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला. "अहो, तास मात्र बुडवू नका. जागा रिकामीच राहणार आहे. तोवर हंगामी तुम्हीच चालू ठेवा. वयाची अट कायमच्या जागेला असते, हंगामीला नसते."

"आणि मूलभूत संकल्पना कच्च्या आहेत, त्याचं काय?"

"हंगामीला चालतं," विभागप्रमुख म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात गेले. वर्ग नेहमीसारखा अर्धा रिकामा होता आणि कोणाचे केस विंचरलेले नव्हते. सरांनी हजेरी घेतली नाही. खडू हातात घेतला आणि मुलांकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं ते चूक होतं. दमट हवा हलकीच असते. घाई बरोबर होती. वहीत लिहिलं असेल तर खोडा."

कोणी हसले नाही. कोणी रागावलेलेही दिसले नाही. ते रागावले असते तर सरांना बरे वाटले असते. ढग जागेवर उभा राहिला.

"सर, म्हणजे माझं चुकलंच होतं?"

"चुकायलाच सांगितलं होतं ना रे तुला."

"हो. पण मग ती शाब्बासकी?"

"ती राहू दे तुझ्याकडे," सर म्हणाले. "तेवढी एकच खरी होती तिथे."

ढग समाधानाने खाली बसला. सरांनी नवा धडा सुरू केला. ढगात पाण्याचे एवढे थेंब असतात, तरी ढग खाली का पडत नाही? दर वर्षी हा प्रश्न विचारला की वर्गात हातांची गर्दी होई, एकमेकांवर ओरडाओरड होई, आणि त्या ओरडाओरडीसाठी सर दर वर्षी मोठ्या सुट्टीनंतर परत येत. आज एकही हात वर झाला नाही. पहिल्या बाकावर घाई पेन बोटांत फिरवत स्वस्थ बसली होती.

"काय गं? येत नाही?"

"येतं ना सर."

"मग?"

घाई उभी राहिली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. सरांनी नीट कान देऊन ऐकले, पण तो कुठेच सापडला नाही. ती आपली शिकवले तसे विचारत होती.

"सर, आज बघायला कोणी येणार आहे का?"

"नाही. का गं?"

"मग खरं उत्तर देते," ती म्हणाली.